मक्यात तूर: माझे आकडे, माझ्या चुका आणि एक प्रश्न

बांधावरचा | ३० मे २०२५, रात्री ९:१२

राम राम मंडळी. मे महिन्यातच पाऊस येऊन बसलाय आणि आमच्या गावात दोघातिघांनी मका टोबूनही टाकला. मी थांबलोय. थांबलोय तोवर गेल्या खरिपाचा हिशोब इथे मांडतो, म्हणजे कुणीतरी चुका काढेल.

मी कन्नड तालुक्यातला. वाटणीनंतर माझ्या वाट्याला साडेतीन एकर आलं. मध्यम काळी जमीन, खालच्या अंगाला चोपण, म्हणजे पाणी न मुरणारी. विहिरीला दिवाळीपर्यंत पाणी, पुढे रामभरोसे. दरवर्षी मका, त्यावर मका, आणि त्यावर पुन्हा मका. माती परीक्षणात सेंद्रिय कर्ब ०.४ टक्क्याच्या आत आला तेव्हा जरा घाबरलो. वडिलांच्या काळी प्रत्येक पाभरीत तुरीचं एखादं तास असायचं, ते आम्हीच बंद केलं होतं.

म्हणून २०२४ च्या खरिपात एक एकर नुसता मका केला आणि लागूनच एक एकर मका अधिक तूर. दोन फुटांवर ओळी काढल्या, दर तिसरी ओळ तुरीची. तुरीचा वाण बीएसएमआर ७३६. दोन्ही पिकं एकाच दिवशी पेरली.

नुसत्या मक्याला २४ क्विंटल आले. दुसऱ्या एकरात मका १९ आणि तूर साडेतीन क्विंटल. एक तृतीयांश ओळी काढूनही मका फक्त पाच क्विंटलने घटला, कारण कडेच्या ओळीला ऊन मिळतं आणि तिचं कणीस भरतं. मका २१०० ने गेला, तूर ६८०० ने. म्हणजे एकीकडे ५०,४०० आणि दुसरीकडे ६३,७००. तुरीवर अळीच्या दोन फवारण्या, कापणी आणि मळणी मिळून ६,५०० जादा गेले. वरकड उरले ६,८००.

घरात सगळे खूश. मी मात्र तितका खूश नाही. सप्टेंबरपर्यंत तूर मक्याच्या सावलीत सुतळीसारखी बारीक होती. मका काढल्यावर ती अंग धरू लागली, पण तोवर ओल सरत आलेली. माझा प्रश्न असा: ओळींचं प्रमाण बदलू, वाण बदलू, की तूर सोडून उडीद-चवळी धरू? आणि हे सगळं करून जमीन खरंच सुधारते का, की ते फक्त सांगायला बरं?

---

सिल्लोडचा_गडी | ३० मे, रात्री १०:०५

भाऊ, आकडे प्रामाणिक दिलेत म्हणून तोंडावर बोलतो. तुमच्या हिशोबात एक भोक आहे. नुसता मका ऑक्टोबरात निघाला की त्या रानात हरभरा पडतो. तुमची ७३६ जानेवारी उजाडेपर्यंत उभी. मी मक्यावर हरभरा घेतला, एकरी पाच क्विंटल, ५५०० चा भाव, खर्च बारा हजार. राहिले १५,५००. तुमचे ६,८०० त्यापुढे कुठे?

शिवाय मका काढायला आता आमच्याकडे मशीन येतं. मध्ये तूर असली की मशीनवाला रानात उतरत नाही, मजूर लावून कणसं मोडावी लागतात. ते धरलंत का?

---

बांधावरचा | ३० मे, रात्री १०:३१

मशीनचं नाही धरलं, खरं आहे. कणसं घरच्यांनीच मोडली, त्यांची मजुरी शून्य लावली. ही आपली जुनी खोड.

हरभऱ्याचं मात्र तुमच्याकडचं गणित माझ्याकडे लागत नाही. तुमच्या विहिरीला पाणी आहे. माझ्या नुसत्या मक्याच्या एकरात हरभरा केलाच होता, घाटे भरताना पाणी संपलं. अडीच क्विंटल आले, खर्च जाऊन साडेचार-पाच हजार उरले. म्हणजे माझा फायदा दोनेक हजारांचा. ते मशीनने खाल्ले म्हणा.

---

मातीवाला | ३१ मे, सकाळी ७:४८

दोघांचंही बरोबर आहे आणि वाद त्याच कारणाने अडलाय: तुम्ही दोघे एकाच वर्षाचा हिशोब करताय. नोकरीची पंचवीस वर्षं माती तपासण्यात गेली, त्यामुळे थोडं लांबण लागेल, सांभाळून घ्या.

आधी एक गैरसमज. तूर हवेतला नत्र (नायट्रोजन) धरते आणि शेजारच्या मक्याला देते, असं सगळीकडे बोललं जातं. उभ्या पिकात असं देणं-घेणं नगण्य असतं. नत्र मिळतो तो पुढच्या पिकाला, तोही गळलेल्या पानांतून आणि मुळांतून. म्हणून तूर आहे म्हणून त्याच वर्षी मक्याचा युरिया कमी करू नका, मका पिवळा पडेल आणि दोष तुरीला जाईल.

आता तोलून बघा. मका एक टन दाण्यामागे साधारण २० ते २५ किलो नत्र उचलतो. तुमच्या २४ क्विंटलला ५० ते ६० किलो. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत नत्र साधारण २१ किलो, म्हणजे अडीच-तीन गोण्यांएवढा नत्र दरवर्षी रानाबाहेर जाणार किंवा सरमाडात, म्हणजे मक्याच्या वाळल्या ताटांत, अडकणार. तुरीच्या दाण्यात नत्र साडेतीन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे साडेतीन क्विंटलमागे फक्त बारा किलो बाहेर गेला. पाला मात्र सगळा खाली पडतो. सोयाबीनचं उलट आहे. त्याच्या दाण्यात साडेसहा टक्के नत्र. दहा क्विंटल सोयाबीन ६५ किलो नत्र घेऊन बाजारात जातं, आणि त्यातला बराच भाग ते जमिनीतूनच घेतं. वर आपण कुटारही उचलून नेतो. 'द्विदल घेतलं म्हणजे जमीन सुधारली' असं सरसकट म्हणू नये, ते यासाठी.

तुरीची दुसरी गंमत स्फुरदाची (फॉस्फरसची). हैदराबादजवळच्या पटानचेरूत इक्रिसॅट ही कोरडवाहू पिकांची आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी १९९० मध्ये दाखवलं की तुरीच्या मुळांतून पिसिडिक आम्ल झिरपतं आणि ते लोहाशी घट्ट बांधलेला स्फुरद सोडवून घेतं. पण ही करामत तांबड्या जमिनीतली. तुमच्या काळ्या जमिनीत स्फुरद कॅल्शियमने धरलेला असतो, तिथे तेवढी अपेक्षा धरू नका. खोल सोटमूळ खालच्या थरातून अन्न वर आणतं, हा फायदा मात्र दोन्हीकडे मिळतो.

करायचं काय, तर:

वाण बदला. बीडीएन ७११ लवकर मोकळा होतो, साधारण १५० ते १५५ दिवसांत. ७३६ ला १८० लागतात.

बियाण्याला आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, आणि सगळ्यात शेवटी रायझोबियम, म्हणजे नत्र धरणारे जिवाणू. दहा किलोला २५० ग्रॅमचं पाकीट. क्रम उलटा केला तर जिवाणू मारायचे पैसे भरताय असं समजा. पाकिटावरची तारीख बघा, आणि दुकानात ते उन्हात ठेवलेलं असेल तर घेऊच नका.

आणि गेल्या वर्षीच्या तुरीच्या एकरात यंदा नुसता मका घ्या. चार ओळींना पूर्ण युरिया द्या, बाकीला एक गोणी कमी. शेजारी शेजारी दिसेल. माझ्यावर विश्वास ठेवण्यापेक्षा ते बरं.

---

वऱ्हाडी_ठेचा | ३१ मे, दुपारी १:२०

मातीवाले काका, मस्त सांगितलं. पण एक गोष्ट सांगाची राहिली, अन् ते सगळ्यात महागात पडते. तणनाशक.

मागच्या साली मी बी मका-तूर केलं होतं. लहान भाऊ दुकानात गेला, म्हणे मक्यात तण लय झालं. दुकानदारानं टेम्बोट्रिओन देलं. डबीवर मक्याचं चित्र, भावानं सगळ्या वावरात मारलं. मक्याले काही झालं नाही. तिसऱ्या दिवशी मी वावरात गेलो तर तुरीचं पान न् पान पांढरंफटक, जसं कोणी चुना फिरवला. आठ दिवसात तूर खल्लास. दुकानदाराले इचारलं तर म्हणे, "तूर आहे ते तुम्ही सांगितलं कुठं?" त्याचं बी खरंच.

अ‍ॅट्राझीनचं बी तसंच. मक्याले अमृत, द्विदलाले जहर. दोन्ही पिकं असतीन तर पेरल्यावर ४८ तासाच्या आत, ओल असताना पेंडीमेथॅलीन हे तणनाशक, अन् पुढं डवरा. दुसरा रस्ता नाही. अन् घरात जो कोणी फवारते त्याले आधी सांगून ठेवा, वावरात दोन पिकं हायेत म्हणून.

---

मातीवाला | ३१ मे, दुपारी २:०२

हे माझ्याकडून राहायला नको होतं. ठेचाभाऊंचा प्रतिसाद सगळ्यांनी दोनदा वाचा.

---

लिंबे_रिटर्न | ३१ मे, रात्री ११:४०

मी शेतकरी नाही. मूळ लातूरचा, हिशोबनीस. २०१४ ते २०१८ मलावीत लिंब्याला एका डाळमिलमध्ये होतो. लिंबे म्हणजे ब्लँटायर शहराचाच भाग. तिथे जाण्याआधी मला वाटायचं मका-तूर ही आपली जोडी. तिथे पाहिलं तर दक्षिण मलावीत, झोंबा, मचिंगा, फलोंबे, मुलांजे या भागात, प्रत्येक घराच्या मागच्या तुकड्यात मका आणि त्यात तूर. तुरीला तिथे 'नांदोलो' म्हणतात. जमीन आपल्यापेक्षाही कमी, बहुतेकांची एक हेक्टरच्या आत. बैल क्वचितच. सगळे वरंबे कुदळीने, बहुतेक ठिकाणी बायकांनी ओढलेले. नोव्हेंबर-डिसेंबरात पाऊस सुरू, एप्रिलला मका निघतो, तूर जुलै ते सप्टेंबर. अधल्यामधल्या कोरड्या महिन्यांत रानात हिरवं दिसतं ते फक्त नांदोलो.

मका म्हणजे तिथे जीव, शब्दशः. 'चिमांगा न्दी मोयो', मका म्हणजे जीवन, ही त्यांची म्हण. मक्याच्या पिठाचा एनसिमा दोन्ही वेळेला. २००५ पासून सरकारने खत-बियाण्यावर मोठं अनुदान दिलं, मका वाढलाही, पण खत परदेशातून आणायचं, त्याचे डॉलर कुठून आणायचे? त्या सगळ्या काळात तिथल्या कृषी विद्यापीठाच्या लोकांबरोबर सिगलिंड स्नॅप नावाच्या बाई शेतकऱ्यांच्या रानातच प्रयोग करत होत्या. त्यांची पद्धत इथल्या धाग्याला लागू पडते म्हणून सांगतो. त्यांनी तूर मक्यात घालण्याऐवजी भुईमुगात घातली. 'दुहेरी द्विदल' म्हणा. भुईमूग बुटका आणि लवकर येणारा, तूर उंच आणि सुरुवातीला संथ, त्यामुळे भांडण नाही. पुढच्या वर्षी त्याच वरंब्यांवर मका. २०१० मध्ये त्यांनी निष्कर्ष छापले: तुरीसारख्या झुडुपी द्विदलांच्या फेरपालटात निम्म्या खतात तेवढंच धान्य, आणि वर्षागणिक होणारा चढउतार २२ टक्क्यांवरून १३ टक्क्यांवर. मला यातला दुसरा आकडा जास्त मोठा वाटतो. ज्याचं कोठार फेब्रुवारीतच रिकामं होतं त्याला सरासरीशी काय करायचंय?

तरीही मध्य मलावीत, लिलोंग्वे-कासुंगू पट्ट्यात, तूर फारशी पसरली नाही. कारण विचारलं की माणसं एक शब्द सांगत: म्बुझी. शेळ्या. मका निघाला की शेळ्या मोकळ्या सोडायची रीत, आणि त्या वेळी सगळ्या शिवारात उभं असतं एकच पीक. एकट्याने तूर लावली तर गावभरच्या शेळ्यांची मेजवानी. दक्षिणेत सगळेच लावतात म्हणून सगळेच शेळ्या बांधतात.

---

बांधावरचा | १ जून, सकाळी ६:५५

लिंबेवाले दादा, हे वाचून हसू आलं आणि रडूही. आमच्याकडे शेळ्यांच्या जागी गावची मोकाट जनावरं आणि दिवाळीनंतर घाटाखाली उतरणारी मेंढरं. गेल्या वर्षी दोन रात्री बॅटरी घेऊन तुरीत झोपलो. तेही हिशोबात नाही.

---

किरकिऱ्या | १ जून, सकाळी ९:१५

सगळे शेतीशास्त्र सांगताय, भावाचं कोण बोलणार? चार दिवसांपूर्वी हमीभाव जाहीर झाला, तूर ८,०००, मका २,४००. कागदावर छान आहे. २०१५ मध्ये डाळ दोनशे रुपये किलो झाली म्हणून सगळ्यांनी २०१६ ला तूर पेरली. पाऊसही झाला. हमीभाव बोनस धरून ५,०५०, आणि व्यापारी मागत होते चार हजारांच्या आतबाहेर. खरेदी केंद्रापुढे ट्रॅक्टरमध्ये मी पाच रात्री काढल्या, बारदाना नाही म्हणून. तेव्हा ठरवलं, तूर फक्त घरच्या वरणापुरती.

आणि आता २०२१ पासून बाहेरची तूर मोकळी. मोझांबिकमधून दोन लाख टनांचा, मलावीतून पन्नास हजार टनांचा करार. लिंबे_रिटर्न यांच्या मिलमधूनच माझा भाव पडत असणार.

---

लिंबे_रिटर्न | १ जून, दुपारी १२:३०

किरकिऱ्याभाऊ, टोमणा मान्य. पण तुम्ही ट्रॅक्टरमध्ये होतात त्याच वर्षी पलीकडे काय झालं तेही ऐका. तुमच्याकडे तूर पडून राहिली म्हणून ऑगस्ट २०१७ मध्ये दिल्लीने आयातीवर वर्षाला दोन लाख टनांची मर्यादा घातली. तिथे तेव्हा नेमका तुरीचा हंगाम. आदल्या दोन वर्षांत चढा भाव बघून तिथल्यांनीही तूर वाढवली होती. आमच्या मिलच्या फाटकावर बायका डोक्यावर पोती घेऊन यायच्या आणि भाव ऐकून तशाच उभ्या राहायच्या. परत न्यायचं तर दहा-बारा किलोमीटर चालत. एकीने मला सरळ विचारलं, "तुमच्या देशात लोकांनी नांदोलो खाणं सोडलं का?" मला उत्तर देता आलं नाही. लातूरला वडिलांना फोन केला तर ते म्हणाले, इथे केंद्र बंद आहे.

दोघांचं नुकसान एकाच धोरणाने केलं, एकदा दार उघडून आणि एकदा लावून.

---

कणगीतली_ताई | १ जून, रात्री ८:५०

इतके प्रतिसाद झाले आणि कणसं कोण मोडतं, हा विषय एकदाच आला, तोही 'मजुरी शून्य' म्हणून. बांधावरचे दादा, निदान कबूल केलंत.

मी येवल्याकडची. नवरा नोकरीला, शेत मी आणि सासूबाई बघतो. दोन एकर. आम्ही तूर मक्याच्या आत घालत नाही. मक्याच्या दोन ओळींत चवळी किंवा उडीद, आणि तूर फक्त चारी बांधांच्या कडेने, टोकून. उडीद सत्तर-पंच्याहत्तर दिवसांत मोकळा. तो मक्याच्या आधी निघतो म्हणून मका मोडताना पायात काही येत नाही, आणि पुढे कांद्याला रान मिळतं. उत्पन्न थोडं, एकरी दीड-दोन क्विंटल उडीद. पण सुरुवातीचे चाळीस दिवस जमीन झाकलेली राहते, एक खुरपणी वाचते. खुरपणी वाचते म्हणजे माझी कंबर वाचते, हे कुठल्या तक्त्यात येत नाही.

बांधावरच्या तुरीचं विकायला काही उरत नाही. डिसेंबरात हिरव्या शेंगा, सोल्यांची आमटी, थोड्या उकडून मुलांना. उरलेल्याची डाळ घरच्या जात्यावर. तुराट्या चुलीला आणि काकडीच्या मांडवाला. किराणा दुकानातून डाळ आणून सहा वर्षं झाली.

मात्र उडीद काढणीला आला आणि पाऊस लागून बसला तर शेंगेत कोंब येतात. दोनदा झालंय. ज्यांच्याकडे झोडपून सुकवायला पत्र्याची शेड नाही त्यांनी विचार करावा.

---

सिल्लोडचा_गडी | १ जून, रात्री ९:२०

ताई, हे पटलं. माझ्यासारख्या पाणीवाल्याला उडीद बसतो. रब्बी जात नाही. मशीनचाही प्रश्न नाही, कारण तोवर उडीद निघालेला.

---

नवा_भिडू | २ जून, सकाळी १०:१०

मध्येच विचारतो. लष्करी अळीवर आंतरपिकाचा उपयोग होतो का? आमच्याकडे मका म्हणजे पहिला प्रश्न तोच. २०१८ आधी मक्यावर एक फवारणी नव्हती, आता तीन.

---

मातीवाला | २ जून, दुपारी ३:३५

ही अळी अमेरिकेची. २०१६ मध्ये पश्चिम आफ्रिकेत दिसली, मे २०१८ मध्ये कर्नाटकात शिवमोग्याजवळ आणि त्याच हंगामात आपल्याकडे. आफ्रिकेचा अनुभव आपल्याला दोन वर्षं आधी मिळायला हवा होता, पण तेव्हा कोण विचारतो.

केनियात 'इसिपे' ही कीटकशास्त्राची संस्था आहे. तिथे मूळचे भारतीय शास्त्रज्ञ झियाउर खान यांनी ढकल-ओढ पद्धत बसवली. मक्याच्या ओळींत डेस्मोडियम हे द्विदल, त्याच्या वासाने पतंग दूर जातो. आणि शेताच्या कडेने नेपियर किंवा ब्रॅकियारिया गवत, तिकडे तो ओढला जातो. हे मुळात खोडकिडीसाठी आणि स्ट्रायगा या परोपजीवी तणासाठी होतं. नंतर लष्करी अळीवर मोजलं तर झाडामागे अळ्या ८० टक्क्यांहून कमी. डेस्मोडियम आपल्याकडे रुळलेलं नाही, म्हणून तो आकडा उडीद-तुरीला चिकटवू नका. साध्या आंतरपिकाने अंडी घालणं थोडं कमी होतं, मित्रकीटक वाढतात, इतपतच.

बाकी आपलं नेहमीचं: बीजप्रक्रिया, एकरी पाच कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग पकडणारे), आणि पोंग्यात, म्हणजे मक्याच्या शेंड्यातल्या पानांच्या गुंडाळीत, बघणं. पानावर चार टिकल्या दिसल्या की उपाय. पोंग्यातून भुसा बाहेर यायला लागल्यावर केलेली फवारणी शेजाऱ्याला दाखवण्यापुरती. आणि आंतरपीक असलं तर औषध त्या पिकालाही चालतंय ना हे बघा, त्याच्या शेंगा आपणच खाणार असतो.

---

बिननांगरी | २ जून, रात्री ९:०५

कर्जतकडचा, भातवाला. नेरळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांची एसआरटी (सगुणा राइस टेक्निक) ही बिननांगरणीची पद्धत बघून गेली सहा वर्षं नांगर लावला नाही. एकदा गादीवाफे केले, पुढे तेच. भातानंतर वाल-चवळी, मुळं जमिनीतच कुजतात.

आफ्रिकेत २०१० पासून सिमिट ही मका-गव्हाची आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था आणि ऑस्ट्रेलिया यांच्या मदतीने इथिओपिया, केनिया, टांझानिया, मलावी, मोझांबिक या पाच देशांत मका-द्विदलाचा मोठा कार्यक्रम झाला, त्याचाही गाभा हाच: नांगरट कमी, काडी रानात, मक्याबरोबर द्विदल. अडचणही आपलीच. काडी रानात ठेवायची की गुरांना घालायची? मक्याचं सरमाड विकून पैसे येतात तोवर ते कुजवायला कोण ठेवेल? मी फक्त मुळं आणि बुडखे ठेवतो. पहिली दोन वर्षं उत्पन्न वाढलं नाही, डिझेल वाचलं एवढंच. तिसऱ्या वर्षी गांडुळं दिसली.

---

बांधावरचा | १७ ऑगस्ट, रात्री ९:४४

धागा वर काढतो. गेल्या वर्षीच्या तुरीच्या एकरात नुसता मका, काकांच्या सांगण्याप्रमाणे चार ओळींना पूर्ण युरिया, बाकीला एक गोणी कमी. दुसऱ्या एकरात मका-तूर, पण आता मक्याच्या चार ओळी आणि तुरीच्या दोन. वाण ७११. तुरीच्या दोन ओळी जवळ असल्या की त्या एकमेकींना धरून उभ्या राहतात, सुतळी झाली नाही. पन्नासाव्या दिवशी शेंडे खुडले. बायकोने आणि मी, सकाळच्या दोन तासांत. यंदा मजुरी लिहून ठेवलीय: दोन माणसं, ३०० रुपये.

खालच्या चोपण भागात उडीद.

---

बांधावरचा | २३ नोव्हेंबर, रात्री ८:१५

सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टीने काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. खालच्या अंगाला तीन दिवस पाणी होतं. उडीद आधी निघाला होता तेवढाच वाचला, तोही निम्मा डागी. तुरीचा सपाट पेरलेला तुकडा उभ्याउभ्या वाळला. वरच्या बाजूला सरीवर असलेली तूर टिकली, आज शेंगांनी वाकलीय. म्हणजे पुढच्या वर्षी सगळी तूर सरीवर, यावर चर्चा संपली.

मक्याचं सांगतो. दहा मीटर ओळीतली कणसं मोडून, सोलून, वाळवून तोलली, प्रत्येकी तीन ठिकाणी. पूर्ण युरियाच्या ओळीत सरासरी ३ किलो ९०० ग्रॅम, एक गोणी कमी दिलेल्यात ३ किलो ८००. काका, तुमचं खरं निघालं, किंवा पावसाने दोन्हीकडचा युरिया सारखाच वाहून नेला. दुसरंही असू शकतं.

भाव मात्र १६५० ने मागतायत. हमीभाव २४०० चा. यावर किरकिऱ्याभाऊंनी लिहावं, माझ्यात ताकद नाही.

---

किरकिऱ्या | २३ नोव्हेंबर, रात्री ८:२१

मी २०१७ मध्येच लिहून ठेवलंय, तारीख बदलून वाचा.

---

मातीवाला | २४ नोव्हेंबर, सकाळी ७:३०

तीन ठिकाणी तोललंत हे फार आवडलं. आणि दुसरी शंका घेतलीत ते त्याहून जास्त. एका वर्षावर जाऊ नका, पुढच्या खरिपात परत करा. तुरीचा पाला आता गळायला लागेल. तो गोळा करून जाळू नका, तोच तुमचा युरिया.

---

बांधावरचा | २४ नोव्हेंबर, रात्री ९:०२

जाळत नाही. पण एक सौदा करून बसलोय. मेंढरांचा जो वाडा (मेंढपाळांचा तळ) गेल्या वर्षी माझ्या तुरीत शिरायचा, त्यातल्या म्हाताऱ्या बाबांशी यंदा आधीच बोललो. तूर निघेपर्यंत मेंढरं शिवाराच्या पलीकडून न्यायची, आणि तूर निघाली की पाच रात्री माझ्याच रानात बसवायची. त्यांना पाच पायल्या बाजरी, मला लेंडी. बाबा म्हणाले, "तुझ्या आज्याच्या वेळेला असंच होतं, मधी तुम्ही इसरला."

फक्त काका, मेंढरं तो पाला खाऊन टाकतील. मग?

---

मातीवाला | २४ नोव्हेंबर, रात्री ९:१०

खाऊ द्या. पाच रात्री तिथेच आहेत ना, सकाळपर्यंत बरंचसं परत देतील.